पुढच्या खोलीतले अवयव

१२ जून

बाळा,

आशीर्वाद आहेतच, ते काही पाकिटात घालून पाठवावे लागत नाहीत. तुझं पत्र सोमवारी पोचलं. तू सांगितल्याप्रमाणे सूनबाई शाळेत गेल्यावरच उघडलं आणि वाचून झाल्यावर उशीच्या अभ्र्यात सरकवलं. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे. घरचा पत्ता का देत नाहीस ते कळलं नाही, पण सारखी घरं बदलावी लागतात म्हणतोस तर तसं असेल. फोन नको म्हणालास तेही बरोबर. या घराच्या भिंती एवढ्या पातळ आहेत की शेजारी कुणी कूस बदलली तरी ऐकू येतं.

नजर ठेव, असं तू सांगायची गरज नव्हती. माझी नजर आहेच. तू नोकरीपायी लांब गेलास, तिला मात्र तिची शाळा सुटेना. ते माझ्या मनात अजून सलतं. दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं उकळण्यात आणि मोजण्यात माझा जन्म गेला. एक चिमटा कमी असला तरी माझ्या लक्षात यायचं. इथे तर पूर्ण बाई डोळ्यांसमोर आहे.

तर ऐक. ती चारला शाळेतून येते. चहा घेते, तुझ्या चिमीची वेणी घालते आणि पाच वाजले की पोरं यायला लागतात. सात-आठ आहेत, नववीतली. पुढच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावून तिने तिथे फळा टांगला आहे. मला म्हणाली, "आई, ही सगळी गणितात नापास झालेली मुलं आहेत. शाळा जादा तासाला खोली देत नाही, म्हणून घरी बोलावते." मी म्हटलं, बरं. पण शाळा खोली का देत नाही? शाळेत काय खोल्यांचा दुष्काळ आहे? हे मी तिला विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

दाराशी चपला काढतात तिथे एका वाटीत ती सगळ्यांचे खोडरबर काढून ठेवायला लावते. होय, खोडरबर. आत न्यायची बंदी. मग दार लोटून घेते आणि आतून आवाज येतो, "चला, अवयव पाडा." पहिल्या दिवशी माझ्या हातातलं भांडं पडायचं राहिलं. मला अवयव माहीत आहेत ते दवाखान्यातले. चिमीला विचारलं तर ती खो खो हसली, म्हणाली, "आजी, ते गणितातले अवयव." असतील. पण चौदा-पंधरा वर्षांची पोरं अर्धा अर्धा तास गप्प बसतात आणि मध्येच कुणीतरी "पडले, पडले" असं ओरडतं, हे मला ठीक वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. मंगळवारी आणि शुक्रवारी, पोरं गेल्यावर, एक पुरुष येतो. चाळिशीचा असेल. दाढी आहे. अंघोळ करून, केस ओले विंचरून येतो, साबणाचा वास जिन्यापासून येतो. कोण म्हणून विचारलं तर सूनबाई म्हणाली, "शिकायला येतात." एवढा बाप्या माणूस नववीचं गणित शिकायला येतो, यावर कोण विश्वास ठेवेल? मी ठेवला, असं दाखवलं.

पुढचं पुढच्या वेळी. प्रकृती जप.

तुझी आई


२५ जून

बाळा,

तुझं उत्तर मिळालं. माझं पत्र "फार उपयोगी पडलं" असं लिहिलंस. कशाला उपयोगी पडलं ते लिहिलं नाहीस. असो, तुझ्या जिवाला बरं वाटलं असेल तर तेवढाही उपयोग पुरे.

स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामध्ये पडदा आहे, तुला आठवत असेल. त्या पडद्यामागे उभं राहिलं की अर्धा फळा आणि एक खुर्ची दिसते. खोलीचा बाकीचा भाग दिसत नाही. मी संध्याकाळी तिथे उभी राहते. भांडी पुसायचं निमित्त असतं.

दाढीवाला त्याच खुर्चीत बसतो. मंगळवारी तो म्हणाला, "माझा हातच चालत नाही हो." सूनबाई म्हणाली, "चुका. तुम्ही चुकलात तरच उपयोग आहे." यावर तो हसला. तीही हसली. बाळा, माणसाने चुकावं म्हणून वाट बघणारी मास्तरीण तू कधी पाहिलीस का? आमच्या वेळी चूक झाली की हातावर पट्टी बसायची.

दुसरं. झाडताना दिवाणाखाली मला पुठ्ठ्याचे तुकडे सापडले. एक मोठा निळा चौकोन, काही लांब पट्ट्या आणि ढीगभर छोटे चौकोन. प्रत्येकाची मागची बाजू लाल. मला वाटलं, पत्ते. जुगाराचे काही नवीन प्रकार निघालेत म्हणतात. एक पट्टी पुरावा म्हणून या पाकिटात घातली आहे. उरलेले जिथे होते तिथे ठेवले, पण सूनबाईने संध्याकाळी मोजले आणि म्हणाली, "एक क्ष कमी आहे." माझ्याकडे बघून म्हणाली नाही, पण बघितलं असतं तर बरं झालं असतं. न बघता बोलणारी माणसं मला जास्त खटकतात.

चिमीबद्दल विचारलंस. वर्ग चालू असतो तेव्हा पोर जिन्यात बसलेली असते. एकटीच. मांडीवर वही घेऊन चित्रं काढते. येणारा-जाणारा तिला ओलांडून जातो. दाढीवाला येतो तेव्हा दार लोटलेलं असतं. आई आत, पोर बाहेर. हे तुला कळवणं माझं काम, म्हणून कळवलं.

तिला खोकला नाही, जेवते व्यवस्थित. तुझी आठवण काढते का, तर काढते. परवा विचारत होती, बाबांच्या शहरात जिना असतो का.

तुझी आई


८ जुलै

बाळा,

एक गोष्ट घडली, ती सांगते. उगाच गैरसमज करून घेऊ नकोस.

शुक्रवारी मी पडद्यामागे होते. खडूची धूळ नाकात गेली आणि मला शिंक आली. एक नाही, लागोपाठ आल्या. आतलं बोलणं थांबलं. मग सूनबाईचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा, "आई, आत या. रोज उभं राहून पाय दुखत असतील."

रोज म्हणाली. म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी आत गेले. काय करणार, पळून जायला काय मी पोर आहे? तिने मला एक स्टूल दिलं. आणि मग मला खोलीचा तो भाग दिसला जो पडद्यामागून दिसत नव्हता.

तिथे कोपऱ्यात एक मुलगी बसलेली होती. पाचच्या वर्गातलीच, बारीक, मान खाली. तिला पोरं खोडरबर म्हणतात, कारण ती जे लिहिते ते लगेच खोडते. शाळेत तिचा पेपर कोरा असतो, आणि कागदाला भोकं पडलेली असतात. दाढीवाला तिचा बाप. बस चालवतो. डेपोत अंघोळ करून येतो, कारण डिझेलचा वास घेऊन मास्तरीणबाईंच्या घरी कसं जायचं, असं त्याला वाटतं. हे त्यानेच मला सांगितलं, मी न विचारता. मी तेव्हा त्याच्याकडे कशी बघत होते देव जाणे.

सूनबाईने फळ्यावर लिहिलं: क्ष वर्ग अधिक क्ष उणे बारा. त्याला उठवलं. मला समजावं म्हणून तीच म्हणाली, "आई, दोन संख्या शोधायच्या. त्यांचा गुणाकार उणे बारा यायला हवा आणि बेरीज एक." तो डोकं खाजवत उभा. बोटांवर काहीतरी मोजलं आणि दोन कंस लिहिले, क्ष उणे चार, क्ष अधिक तीन. मला बरोबर वाटलं. चार त्रिक बारा, उणे आहे, अधिक आहे, आणखी काय हवं?

सूनबाई म्हणाली, "पडताळा घ्या." म्हणजे कंस पुन्हा गुणून बघायचे, सुरुवातीचं परत येतं का. तो गुणायला लागला, मध्येच अडकला, पुन्हा लागला. सूनबाई मात्र खिडकीबाहेर बघत राहिली, जणू रस्त्यावर काही तमाशाच चाललाय. आणि मग कोपऱ्यातून आवाज आला, इतका बारीक की मी आधी पंख्याचा समजले.

"उलटं झालंय, बाबा."

बाप वळला. "काय उलटं?"

"चिन्हं. चार अधिक आणि तीन उणे पाहिजे. तुमचं उणे क्ष येतंय."

तो म्हणाला, "मग इकडे ये आणि दाखव." ती उठली. खडू घेतला आणि लिहिलं. खोडलं नाही. सूनबाई अजून खिडकीबाहेरच बघत होती. मी तिच्या बाजूला बसले होते म्हणून मला दिसलं, तिने साडीचा पदर मुठीत घट्ट धरला होता.

"तुम्ही चुकलात तरच उपयोग आहे" याचा अर्थ हा होता. पोर स्वतःची चूक दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला घाबरत होती, म्हणून सूनबाईने बापाला चुकायला बोलावलं. बाप खोटं खोटं चुकत नाही हो, त्याला खरंच येत नाही. तेच तर कामाचं.

त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांचंही कळलं. मोठा चौकोन म्हणजे क्ष वर्ग, पट्टी म्हणजे क्ष, छोटे चौकोन म्हणजे एक-एक. दिलेले सगळे तुकडे जोडून एक पूर्ण आयत करायचा. आयत झाला की त्याच्या दोन बाजू म्हणजे अवयव. लाल बाजू उणेची. मी पाठवलेली पट्टी जमल्यास परत पाठव, त्यांची एक कमी पडते.

मी आता पाचच्या वर्गातही बसते. तुझ्यासाठीच बसते, आत बसून जास्त कळतं. सोमवारी तिने मलाही एक उदाहरण दिलं, क्ष वर्ग अधिक नऊ. मी थाटात लिहिलं, क्ष अधिक तीन, पुन्हा क्ष अधिक तीन. ती म्हणाली, "तुकडे मांडा." मांडले. एका कोपऱ्यात मोठा चौकोन, समोरच्या कोपऱ्यात नऊ छोटे, आणि मध्ये दोन बाजूंना नुसती मोकळी फरशी. सहा पट्ट्या लागत होत्या, दिली एकही नव्हती. पोरं हसायला लागली.

मी म्हटलं, "मग हे जमवायचं कसं?"

"जमत नाही, आई. याचे अवयव पडत नाहीत."

"मग दिलंस कशाला?"

"पडत नाहीत, हेही ओळखता यायला हवं म्हणून."

चिमी हल्ली जिन्यात बसत नाही. ती आत माझ्याजवळ बसते.

तुझ्या पत्रात तू लिहिलंस की अवयवांचं वगैरे काही लिहू नकोस, कामाचं तेवढं लिही. पोरीची आबाळ होते ते तारखेनिशी लिही आणि खाली पूर्ण सही कर. बाळा, आईने मुलाला लिहिलेल्या पत्रावर पूर्ण सही कशाला? तू मला ओळखत नाहीस का? मी "तुझी आई" असंच लिहीन.

तुझी आई


१९ जुलै

बाळा,

काल कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून मी तुझ्या ऑफिसात फोन केला. तू नको म्हणाला होतास, पण सहीचं माझ्या डोक्यातून जाईना. म्हटलं, विचारूनच घ्यावं.

कुणीतरी तरणा माणूस बोलला. फार नम्र. म्हणाला, "साहेब चार दिवस रजेवर आहेत. वहिनींना घेऊन त्यांच्या माहेरी गेलेत."

मी म्हटलं, "कुठल्या वहिनी?"

तो म्हणाला, "आमच्या वहिनी हो. साहेबांच्या घरच्या. आपण कोण?"

मी फोन ठेवला. घरी आले. सूनबाई ओट्याशी उभी राहून पीठ मळत होती. तिचे आईवडील जाऊन किती काळ झाला ते तुला ठाऊक आहे. तिला माहेर नाही.

कदाचित त्या माणसाने दुसऱ्या कुणा साहेबाचं सांगितलं असेल. कदाचित नंबर चुकला असेल. मी पुन्हा दुकानात गेले आणि पुन्हा लावला. तोच माणूस, तेच ऑफिस. या वेळी तुझं पूर्ण नाव घेऊन विचारलं. त्याने तेच सांगितलं.

उत्तर पाठव. ऑफिसच्या पत्त्यावरून नको, घरून पाठव.


३ ऑगस्ट

तुझं पत्र आलं नाही. तुझ्या वकिलाचं आलं.

सूनबाईने ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. एकदा वाचलं, मग खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा वाचलं. मी समोर शेंगा सोलत होते. तिने तो कागद माझ्या शेंगांच्या ताटाशेजारी ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

त्यात लिहिलं होतं: "मुलगी जिन्यात एकटी बसलेली असते. परपुरुष घरात असताना दार बंद असते. असे प्रत्यक्ष मुलीच्या आजीने कळवले आहे." आणि पुढे, म्हणून मुलीचा ताबा वडिलांना मिळावा.

बाळा, मी "दार लोटलेलं" असं लिहिलं होतं. "बंद" मी लिहिलं नव्हतं. आणि तो शिकायला येतो, त्याची मुलगी कोपऱ्यात बसलेली असते, हे सगळं मी नंतरच्या पत्रात पानभर लिहिलं, त्यातला एक शब्द त्या कागदात नाही. तुला हवं तेवढं कापून घेतलंस.

सूनबाई म्हणाली, "'जिन्यात एकटी' हे तुमचंच वाक्य आहे ना, आई?"

"हो."

"तुम्ही त्यांना लिहीत होतात."

"हो."

मी वाट बघत होते. आता ही ओरडेल, भांडं आपटेल, म्हणेल निघा माझ्या घरातून. मी उत्तरंही जुळवली होती. तिने घड्याळाकडे बघितलं, उठली, तोंड धुतलं आणि फळा पुसायला गेली. पाच वाजले होते.

त्या दिवशी तिने फळ्यावर पाच क्ष उणे सहाच्या जागी सहा क्ष उणे पाच लिहिलं. सगळे तसंच उतरवून घेत होते. खोडरबरने हात वर केला. "बाई, वहीत वेगळं आहे." सूनबाई फळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माझं चुकलं. शाबास." आवाज फुटला तिचा. पोरांना वाटलं सर्दी झाली.

आता ऐक, जे मी तुला लिहिलं नाही ते. चिमी जिन्यात बसायची, कारण मीच तिला तिथे बसवायची. पडद्यामागे उभं राहिलं की ती मला येऊन प्रश्न विचारायची, आजी, काय बघतेस, आजी, मीपण बघू. माझं ऐकणं बुडायचं. म्हणून वही-पेन्सिल देऊन मी तिला बाहेर पाठवायची. सूनबाईला वाटायचं पोर माझ्याजवळ आहे. आणि मग तेच मी तुला तिच्या नावावर कळवलं. तू विचारलं असतंस की तिला बाहेर कोण बसवतं, तर मी खरं सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही. पण तू विचारलंच नाहीस.

सूनबाईला मी हे त्याच संध्याकाळी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं झालं सांगितलंत." बस्स, एवढंच.

तेव्हापासून ती मला जेवायला वाढते, औषध विचारते, आणि बोलत काही नाही. शाळेत जाताना चिमीला शेजारणीकडे सोडते, माझ्याकडे नाही. तिचं कपाट एरवी उघडं असायचं, आता त्याला कुलूप असतं. मी चहा केला तर आधी वास घेते की काय, असं मला वाटतं. घेत नसेल. पण मी इतके दिवस तिच्यावर जशी नजर ठेवली, तशी आता ती माझ्यावर ठेवते, आणि हे किती टोचतं ते मला आता कळतंय.

तुझ्या ऑफिसातला माणूस जिला वहिनी म्हणाला ती तुझ्या घरची कोण आहे, हे तू अजून लिहिलेलं नाहीस.


३१ ऑगस्ट

बाळा,

हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर टाकते आहे. कोर्टाच्या कागदावर तो मिळाला. तुझ्या घरच्या बाईने आधी उघडलं तरी माझी हरकत नाही. तिच्यावर माझा राग नाही. तू तिला काय सांगून ठेवलं आहेस ते मला ठाऊक नाही, आणि आता तुझ्याकडून ऐकून मला खात्रीही वाटणार नाही.

गेल्या आठवड्यात कोर्टात तू मान खाली घालून बसला होतास, म्हणून तुला सगळं नीट ऐकू आलं की नाही कोण जाणे. मी काय बोलले ते पुन्हा लिहिते, म्हणजे कुणी त्यातलं अर्धंच सांगितलं असं व्हायला नको.

न्यायाधीशबाईंनी पत्रं दाखवली. विचारलं, "अक्षर तुमचं?"

"माझंच."

"मुलगी जिन्यात एकटी बसायची, हे खरं?"

"खरं. मी बसवायची."

त्यांनी चष्मा काढला. "का?"

"मला सुनेवर पाळत ठेवायची होती. पोर मध्ये मध्ये बोलायची."

मागे कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मग तुझे वकील उठले, गोड आवाजाचे. "आजी, तुम्ही सुनेच्या घरात राहता. तिच्या दबावाखाली तर बोलत नाही ना?"

मी म्हटलं, "ती माझ्याशी तीन आठवडे धड बोललेली नाही. दबाव टाकायचा तर आधी बोलावं लागतं."

मग दाढीवाल्याला बोलावलं. गणवेशात आला होता, ड्यूटीवरून. त्याला विचारलं, तिथे काय करायचात? तो म्हणाला, "अवयव पाडायचो, साहेब." लिहून घेणाऱ्याने मान वर केली. त्याला समजावून सांगावं लागलं. समजावून सांगताना दाढीवाल्याने पुन्हा चिन्ह चुकवलं, आणि त्याची मुलगी बाकावरून उठून, सगळ्या कोर्टासमोर, "अधिक, बाबा" असं म्हणाली. तिला शिपायाने खाली बसवलं. ती बसली, पण लाजली नाही.

निकाल तू ऐकलास. चिमी आईकडे राहील, तू महिन्यातल्या दोन रविवारी भेटायचं. मी त्या रविवारी घरी असेन.

बाहेर पायऱ्यांवर तू मला गाठलंस आणि म्हणालास, "आई, हे तू काय केलंस?" मी तेव्हा म्हटलं तेच पुन्हा लिहिते. तू मला बघायला सांगितलं होतंस. मी बघितलं.

तुझ्यासाठी काळजात कळ येत नाही असं नाही. येते. तू लहान होतास तेव्हा पडलास की आधी माझ्याकडे बघायचास, मी घाबरले तर रडायचास, नाही घाबरले तर उठून चालायला लागायचास. कोर्टात तू एकदा तसंच बघितलंस. मी दुसरीकडे बघितलं. ते मला फार जड गेलं.

"माझ्याकडे राहायला ये, वेगळी खोली ठेवली आहे," असं तू वकिलाकरवी कळवलंस. यायला जमणार नाही. पुढच्या महिन्यात पोरांची परीक्षा आहे.

सूनबाईचं विचारशील तर आम्ही बसने परत आलो. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "आई, एक विचारू? दाढीवाल्यांबद्दल तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं?"

"वाटलं होतं."

"आणि आता?"

"ज्याला उणे कुठे लावायचं ते तीन महिन्यांत कळलं नाही, त्याला कुठलं एवढं लपवता येणार?"

ती हसली. खिडकीकडे तोंड करून हसली, पण हसली. घरी आल्यावर मात्र पुन्हा गप्प झाली, आणि कपाटाचं कुलूप तसंच होतं. ते मला दिसलं. मला दिसलं, हे तिलाही दिसलं.

परीक्षा जवळ आली म्हणून ती रोज पोरांकडून वीस-वीस उदाहरणं सोडवून घेते. वह्यांचा हा ढीग. सोमवारी तिचा घसा बसला होता, शाळेचे पेपरही तपासायचे होते. तिने काही न बोलता निम्म्या वह्या आणि एक लाल पेन माझ्यासमोर ठेवलं. मी गुणून गुणून तपासल्या. मला वेळ लागतो, पण मी प्रत्येकाचा पडताळा घेते. रात्रीच्या जेवणाआधी संपवल्या आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

तिने त्या सगळ्या पुन्हा तपासल्या. पहिल्यापासून. मी भाजी निवडत होते, मला सगळं दिसत होतं. एका ठिकाणी तिने माझी बरोबरची खूण खोडली. माझीच चूक होती, मी दोन उणेंचा गुणाकार उणेच धरला होता. मंगळवारी पुन्हा तेच, माझ्या वह्या, तिचा फेरतपास. बुधवारीही.

काल मी खोडरबरची वही सगळ्यात वर ठेवली होती. सूनबाईने ती उचलली, उघडली, शेवटपर्यंत पाहिली. त्याखालची घेतली, तीही पाहिली. तिसरी हातात घेऊन थोडी थांबली. मग ती आणि तिच्याखालची, दोन्ही न उघडता तिने पोरांच्या पिशवीत टाकल्या.

मी भाजीतून मान वर केली नाही.

तुझी आई